तुमी वाचलं म्हणून आमी वाचलो

आमच्या जवळा बाजार गावात एक बोलणं पडून गेलंय. कोणी आभाळ भरून आलं म्हणून ओलंच सोयाबीन काढलं, कोणी मुलगी बघायला गेला आणि चहा यायच्या आत होकार देऊन बसला, की मागून आवाज येतो, "मिस्त्रीवाणी घाई केली बघ यानं." सगळे हसतात. परगावचा माणूस असला तर विचारतो, कोण मिस्त्री? मग त्याला सांगतात, की आमच्याकडे गाड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे. सरकार पेट्रोलच्या गाड्या बंद करणार एवढं त्याच्या कानावर आलं आणि सहा वर्षं खपून उभी केलेली स्वतःची मोटार त्यानं आठवड्याच्या आत भंगारात घातली. गाड्या काही बंद झाल्या नाहीत. म्हातारा तेवढा बसला हात चोळत.

गोष्ट ऐकायला चांगली आहे. पण ती खोटी आहे. म्हणजे मोटार भंगारात गेली हे खरं, घाई मिस्त्रीनं केली हे खोटं. जे काही झालं ते न्हाव्याच्या दुकानात, सकाळी साडेनऊच्या सुमारास झालं आणि ते मी केलं. तीन वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. उलट लोक हसले तेव्हा मीही हसलो. एकदा तर माझ्या जावयाला उद्देशून ते बोलणं मी स्वतःच वापरलं. आता शहात्तरावं लागलंय. या वयात माणूस दोन गोष्टी करतो, दात काढून घेतो नाहीतर मनातलं काढून टाकतो. दात आधीच गेलेत.

मी पोस्टमन होतो. औंढा तालुक्यातल्या सात-आठ खेड्यांत माझी सायकल ओळखीची होती. पत्र द्यायचं काम सरकारचं, पण वाचून दाखवायचं काम लोकांनी माझ्या गळ्यात घातलेलं. ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं आणि वाचायचं. त्या वाचण्यात मी हळूहळू हात साफ करून घेतला. पुण्याला कारखान्यात लागलेल्या एका मुलानं आईला लिहिलं होतं, "इथं मेसचं जेवण चांगलं आहे, तुझ्या हातच्या भाकरीची आठवण येत नाही, काळजी करू नको." बिचाऱ्यानं चांगल्या मनानं लिहिलेलं. पण आई समोर डोळे लावून बसलेली. मी 'येत नाही'चं 'येते' करून टाकलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू घातले. अशा दुरुस्त्या मी पुष्कळ केल्या. कोणाचं काही बिघडलं नाही. त्यामुळे मला वाटायला लागलं, की लिहिणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याला जास्त कळतं.

रिटायर झालो तरी वाचायची सवय सुटली नाही. बसस्टँडजवळच्या न्हाव्याच्या दुकानात पेपर येतो. खुर्च्या दोन, बाकडं एक आणि ऐकणारे दहा. घरोघरी मोबाईल आले तरी सकाळी पेपर मीच वाचायचा हा रिवाज चालू राहिला. कारण मोबाईलवर आलेलं खरं का खोटं हे पोस्टमननं वाचल्यावर ठरायचं. "पोस्टमननं वाचलं ना? मग बराबर हाय."

ऐकणाऱ्यांत मिस्त्री पहिला. त्याचं गॅरेज दुकानाच्या समोरच. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक शटर आणि तेलानं काळी झालेली जमीन. मिस्त्री उर्दू शाळेत शिकलेला. उर्दू घडाघड वाचतो, पण मराठी वाचायचं म्हणजे एकेक अक्षर बोटानं उचलून पुढच्याला चिकटवायचं. म्हणून पेपर माझ्याकडून ऐकायचा आणि माझी टिंगल करून त्याची फेड करायची, असा आमचा तीसेक वर्षांचा व्यवहार.

टिंगलीला चांगलं निमित्त माझ्या मुलानं पुण्याहून पाठवलं. बॅटरीवर चालणारी स्कूटर. "बाबा, आता सायकल बंद करा." गाडी देखणी, आवाज नाही, धूर नाही. मी ती पहिल्यांदा न्हाव्याच्या दुकानापुढं उभी केली तेव्हा मिस्त्री हातातला पाना ठेवून बाहेर आला, गाडीभोवती फिरला, वाकून कान लावला.

"पोस्टमनसाब, चालू हाय?"

"चालू हाय."

"मग बोलत काहून न्हाई?"

"ती बोलत न्हाई. तसलीच हाय."

"गुंगी हाय म्हणा की," मिस्त्री सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हातारपणी गुंगी करून आणली साबनं. घरी सांगितलं का?"

त्या दिवसापासून माझ्या गाडीचं नाव गुंगी, म्हणजे मुकी. कधी चढावर ती घुरघुरली की तिचं नाव मिक्सर. मी दिसलो की मिस्त्री विचारणार, "चटणी झाली का वाटून?" लाईट गेली की विचारणार, "आज पायी?" आमच्याकडे लाईट किती जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे रोज हा प्रश्न.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण त्याच काळात मिस्त्रीची मोटार तयार होत आली.

ती मोटार मूळची वसमतच्या एका डॉक्टरची. डॉक्टर गेल्यावर घरामागच्या लिंबाखाली ती कित्येक वर्षं सडत पडलेली. आतमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. मिस्त्रीनं ती ओढून आणली आणि सहा वर्षं, गिऱ्हाइकाचं काम उरकल्यावर, दुपारी भाकर खाल्ल्यावर, शुक्रवारची नमाज झाल्यावर, तिच्याखाली झोपून काढली. नांदेडच्या भंगारबाजारातून एक भाग, अकोल्याहून दुसरा. जो मिळाला नाही तो कानशीनं घासून घासून स्वतः घडवला. कारण काय, तर भाभी, मिस्त्रीची बायको. चाळीस वर्षं भाभी एकच वाक्य बोलत आलेली, "लोगां की गाड्यां सुधारते फिरते, हमारेकू पैदल चलाते." भाभीचं माहेर कळमनुरीकडचं. गाडी उभी राहिली की कागद नव्यानं करायचे, हिंगोलीला नेऊन पासिंग करून आणायचं आणि पहिला फेरा भाभीच्या माहेरी. भाभी पुढच्या सीटवर. मागं नाही, पुढं. एवढं सगळं ठरलेलं होतं आणि गावाला माहीत होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. आठवडी बाजार होता. मी औंढ्याहून येत होतो आणि गावाच्या अलीकडे, ओढ्याच्या पुलावर गुंगीनं मान टाकली. सकाळी लाईट नव्हती, तेव्हा चार्जिंग अर्धंच झालेलं. सायकल असती तर हातात धरून चालत आलो असतो. ही चांगली जड. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मिस्त्री मोटार तपासायला रस्त्यावर काढून आला होता आणि शेजारी पुढच्या सीटवर भाभी, मांडीवर पर्स घट्ट धरून, विमानात बसावं तशी.

"साब, मदत पाहिजे का?" मिस्त्री गोड आवाजात म्हणाला.

पाहिजे म्हणणं भागच होतं. त्यानं डिकीतून दोर काढला, माझ्या गाडीला बांधला आणि मला वर बसवलं. मला वाटलं बाहेरच्या वाटेनं नेईल. त्यानं थेट बाजारातून नेलं. भाजीच्या ओळीतून, कापडाच्या पालांपुढून, हॉर्नवरचा हात न काढता. वर डोकं बाहेर काढून ओरडतोय, "हटो भई हटो! बिजली की बारात आयी!" लोक उठून उभे राहिले. मिरच्या विकणारी एक बाई म्हणाली, "अगं बया, पोस्टमन मामा! टपाल आता दोरीनं येऊन राहिलं का?" मी हँडल धरून समोर बघत होतो. नवरदेवाला तरी फेटा असतो.

त्या रात्री मी नीट जेवलो नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला तर आतल्या पानावर, चांगल्या ठळक अक्षरांत, माझ्यासाठीच छापल्यासारखा मथळा:

पेट्रोलच्या नव्या गाड्या बंद होणार?

बातमी अशी होती. परदेशातल्या काही सरकारांनी ठरवलं होतं, की अमुक वर्षानंतर पेट्रोलवर चालणारी नवी मोटार विकायची नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या चालवाव्यात, पण दुकानात नवी मिळणार नाही. आपल्याकडेही तसं करावं की नाही यावर जाणकारांत वाद चाललेला. बस्स. एवढीच बातमी.

मी घसा साफ केला आणि वाचलं, "पेट्रोलच्या गाड्या बंद होणार."

एक शब्द गिळला आणि एक प्रश्नचिन्ह. शब्द गिळायचा सराव होताच. प्रश्नचिन्हाला तर आवाजच नसतो, ते आपोआप गेलं.

दुकानात एकदम कलकलाट.

"काका, कोण बंद करतंय?" न्हावी हातातली कात्री थांबवून म्हणाला.

"सरकार," मी म्हणालो. कुठलं ते कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

खुर्चीत एक शेतकरी बसला होता, अर्ध्या गालाला साबण. तो घाबरून म्हणाला, "मामा, माझा फवारणीचा पंप पेट्रोलचा हाय. त्यो बी त्यात येतो का?"

"त्याला चाकं हायेत का?" न्हाव्यानं विचारलं.

"न्हाईत. माझ्या पाठीवर असतो."

"मग तुलाच बंद करतेत."

बाकड्यावरून एकजण बोलला, "अन् लाईट कुठून आणायची? शेताला आठ घंटे येते, ती बी रातच्याला. पाणी पिकाला देऊ का गाडीला?"

"दोघांला दे. गाडी उगवून आली तर विमा भर."

"मग पंपावाल्यांनी काय करायचं?"

"रसवंती टाकायची. नळी तर हायच."

न्हावी मात्र सरकारच्या बाजूनं बोलला. "हसा तुमी. माझं दुकान स्टँडपाशी हाय. संध्याकाळी टॉवेल पिळला की काळं पाणी निघून राहिलं. माझ्या छातीत काय निघंल? बंद झाल्या तर बरंच हाय म्हणतो मी."

मिस्त्री आतापर्यंत दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "लाईट काय झाडाला लागते का रे? तिकडं कोळसा जळतो तवा साबचा मिक्सर इकडं फिरतो. धूर तोच. तुझ्या टॉवेलाऐवजी दुसऱ्याच्या टॉवेलात."

"पण मिस्त्रीचाचा, दिल्लीत तर जुन्या गाड्या रस्त्यावरून उचलून नेतात म्हणे. टीव्हीवर दाखवलं," न्हावी म्हणाला.

ते खरं होतं, तसं काही टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. मिस्त्री दारातून आत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत माझ्याकडे त्यानं टिंगलीशिवाय फारसं पाहिलेलं नव्हतं.

"पोस्टमनसाब," तो म्हणाला, "जुन्या बी?"

पेपर माझ्या हातात होता. तो शब्द छापलेला होता, काळ्या शाईत, माझ्या अंगठ्याशेजारी. मी अंगठा थोडा सरकवला.

"बातमीत जुनं-नवं काही न्हाई, मिस्त्री," मी म्हणालो. "गाड्या म्हणलंय."

तो हळूच मागं वळला आणि रस्ता ओलांडून गॅरेजमध्ये गेला. मला आतून उकळ्या फुटत होत्या. बिजली की बारात काय? घे आता. संध्याकाळी चहाला येईल, थोडा तरंगू देऊ, मग सांगू, असा माझा बेत. पेपर मी घडी करून खिशात घातला. दुकानाचा पेपर मी कधी घरी नेत नसे. त्या दिवशी नेला.

संध्याकाळी मिस्त्री आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, पण टिंगल केली नाही. गुंगी समोर उभी असून तिला काही बोलला नाही. "बसा साब," म्हणाला आणि बाकड्यावर जागा करून दिली. तिसऱ्या दिवशी तेच. मला कबूल केलं पाहिजे, की ते दिवस मला फार सुखाचे गेले. चार दिवस कोणी चटणी वाटली का विचारलं नाही. मी मनात म्हणत होतो, उद्या सांगू. आणखी एक दिवस शांतता मिळाली तर बिघडलं कुठं?

पाचव्या दिवशी मी दुकानापाशी आलो तर गॅरेजपुढं भंगारवाल्याचा ट्रक उभा. मोटारीची चाकं काढलेली. चार माणसं ती फळ्यांवरून वर ढकलत होती. भाभी आतल्या खोलीच्या दारात उभी होती, पदर दातांत धरून. बाजारातली गर्दी जमलेली.

माझे पाय तिथंच थांबले. अजूनही वेळ होती. ट्रकचा मागचा फाळका उघडा होता. एक हाक मारली असती, "मिस्त्री, थांबा, जुन्याला काही होत न्हाई," तर मोटार परत खाली आली असती. शपथेवर सांगतो, मी तोंड उघडलंही. तेवढ्यात मिस्त्रीनं मला पाहिलं. गर्दीतून वाट काढत तो आला, माझे दोन्ही हात त्याच्या काळ्या हातांत घेतले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "लोकहो, हे साब नसते तर मी मेलो असतो. पासिंगला नेणार होतो परवा. कागदांत, टायरांत सगळं घालून बसलो असतो अन् मग सरकारनं उचलून नेली असती. भंगारवाल्यानं बी मग घेतली नसती. तुमी वाचलं म्हणून आमी वाचलो."

तेव्हा त्याला शब्दाशी खेळायचं नव्हतं. तो साधा बोलून गेला. पण लोकांना ते आवडलं. कोणी तरी टाळी दिली. "वा मिस्त्रीचाचा! पोस्टमननं वाचलं अन् मिस्त्री वाचला!"

आता अशा वेळी कसं सांगायचं? माझा हात त्याच्या हातात. गाव माझ्याकडे आदरानं बघतंय. खोटं बोलणारा पोस्टमन म्हणून उभा राहायचं, की गप्प बसायचं? मी मान हलवली. विनयानं. ट्रक गेला. तो पुढच्या बाजारी आला, परत गेला, आणि त्या मोटारीचे नांदेडला तुकडे झाले म्हणून कळलं.

पुढची तीन वर्षं माझं काम वाढलं. खोट्या गोष्टीची देखभाल जुन्या गाडीपेक्षा जास्त असते. महिन्या-दोन महिन्यांनी मिस्त्री विचारायचा, "साब, बंद होणार होत्या ना? अजून चालू दिसून राहिल्या."

"सरकारचं काम हाय मिस्त्री. मुदतवाढ दिली."

पुन्हा सहा महिन्यांनी. "मुदत संपली का?"

"आणखी वाढवली. समिती नेमली."

समिती म्हणताच तो समाधान पावायचा. समितीला वेळ लागतो हे आपल्याकडे सगळ्यांना मान्य आहे. पण गाव समाधान पावलं नाही. गावानं हिशोब मिस्त्रीच्या नावावर घातला. माझं वाचणं लोक विसरले, त्याची घाई लक्षात राहिली. तेव्हाच ते बोलणं पडलं.

गेल्या दसऱ्याला गावातल्या एका घरानं मोटार घेतली. हार घालून, लिंबू चाकाखाली ठेवून, ती आधी मिस्त्रीकडे आणली. तो जुना रिवाज. नवी गाडी असली तरी मिस्त्रीनं बॉनेट उघडून एकदा हात लावायचा. त्यानं लावला. ते लोक पेढे देऊन गेले. मी बाजूला स्टुलावर बसलो होतो. मिस्त्री कापडानं हात पुसत म्हणाला, "पेट्रोल हाय, साब."

"असंल."

"नवी कोरी. शोरूममधून. विकायला बी चालू हाय म्हणजे."

"मुदतवाढ," मी म्हणालो. सवयीनं.

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तेवढ्या मुदतीत आपली बी चालली असती, न्हाई का हो? जास्ती न्हाई. कळमनुरीपर्यंत जाऊन आली असती. तुमच्या भाभीच्या भावाला दाखवायची होती फक्त. तो गेला मागच्या साली."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आणखी दहा वर्षं टिकलो असतो. मी सगळं सांगून टाकलं. बारात, मथळा, अंगठा, चार दिवसांचं सुख, ट्रक. तो ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"कोणता शब्द?"

"नव्या."

त्यानं खिशातून खडू काढला, पंक्चरवर खूण करायचा. "लिहा."

मी शटरवर लिहिला. तो जवळ गेला आणि बोटानं अक्षरं उचलू लागला. "न... व... या."

"अर्धा व हाय तो," मी म्हणालो. चूक झाली की बोलायचं नाही, हे मला या वयातही जमत नाही.

"अर्धा?"

"अर्धा व, त्याला या जोडलेला."

"मग अर्धा तरी वाचायचा होता, साब," मिस्त्री म्हणाला. त्यानं हातातल्या तेलकट कापडानं शब्द पुसला आणि शटर खाली ओढलं. दुपारचे तीन वाजले होते. दुपारी तीनला ते शटर मी कधी बंद पाहिलं नव्हतं.

नंतरचे सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. दुकानात पेपर ऐकायला आला नाही. ईदला त्यांच्या घरून आमच्याकडे शीरखुर्म्याचा डबा येतो, तीस वर्षांत कधी चुकलेला नव्हता. आमची ही दोनदा दारापर्यंत जाऊन आली. "काय हो, यंदा डबा काहून आला न्हाई? काही बोललात का तुमी?" मी म्हणालो, नाही. हेही एका परीनं खरंच होतं. जे बोलायचं तेच बोललो नव्हतो.

पण मला खरं भय होतं ते गावाचं. मिस्त्री आता सांगणार, आज सांगणार, म्हणून मी रोज दुकानात जीव मुठीत धरून जायचो. आणि तो सांगेना. समोर बसून काम करायचा. एक दिवस एका पोरट्यानं त्याच्या देखत म्हटलं, "मिस्त्रीवाणी घाई नको करू रे," आणि सगळे हसले. मिस्त्री पान्यानं बोल्ट आवळत राहिला. मी हसलो नाही. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

उन्हाळ्यात एक दिवस त्यानं रस्त्यापलीकडून हाक मारली. "पोस्टमनसाब, इकडं या." गेलो. गॅरेजमागच्या जागेत एक सांगाडा उभा होता. मोटारीचाच, पण आधीच्यापेक्षा वाईट. एक दार नाही, काच नाही, खालचा पत्रा गंजून चाळण झालेला. बाळापूरकडच्या कुठल्या शेतात पडला होता म्हणे, आत कडबा भरलेला.

"मिस्त्री," मी म्हणालो, "तुमी गावाला सांगितलं काहून न्हाई?"

"मी काहून सांगू? गिळलं तुमी, ओकायचं बी तुमीच." मग त्यानं माझ्या अंगावरच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. "उद्यापासून जुना शर्ट घालून या. अन् माफी-बिफी मागू नका. ही चालू झाली की माफीचं बघू."

तेव्हापासून रोज दुपारी मी तिथं असतो. माझं काम पाने देणं, गंजलेले भाग घासणं, बॅटरी धरणं. म्हणजे उजेडाची. पहिल्या दिवशी त्यानं नऊ नंबरचा मागितला आणि मी दहाचा दिला. गाडीखालून आवाज आला, "वाचून द्या साब, पान्यावर नंबर छापलेला असतो." असं दिवसातून चार वेळा. मी ऐकून घेतो. ऐकून घेण्यात एक प्रकारचं बरं वाटतं, पण ते त्याला सांगत नाही. सांगितलं तर तो थांबेल.

पेपर अजूनही मीच वाचतो. गाड्यांबद्दल काही आलं की आधी मनात दोनदा वाचून घेतो. ज्या सरकारच्या नावानं मी मिस्त्रीला भिववलं, त्याच सरकारनं आता खरंच काही ठरवू नये, निदान आमचं इंजिन लागेपर्यंत तरी, असं मला मनापासून वाटतं. दुकानात वाद झाला की मी पेट्रोलच्या बाजूनं बोलतो. न्हावी चकित होतो. "काका, तुमी तर बॅटरीवाले ना?" त्याच्या टॉवेलाचं मला पटतं. धूर वाईट, हवा बिघडली, नवी गाडी बॅटरीचीच यावी, हे सगळं कबूल. गुंगीवर माझा अजून जीव आहे. पण जरा दमानं घ्या म्हणावं. एका गाडीचं देणं माझ्याकडे लागतंय.

हे लिहिलेलं मी येत्या बाजारच्या दिवशी दुकानात वाचून दाखवणार आहे. मिस्त्रीनं तशी अट घातलीय. शेजारी बसून तो कागदावर बोट फिरवणार आहे आणि बोट माझ्या आवाजाच्या मागं राहिलं तर मला थांबावं लागणार आहे. म्हणजे सकाळची दुपार होईल. होऊ दे.

भाभी अजून माझ्याशी बोलत नव्हती. ते बरोबरच होतं. मिस्त्रीची मोटार मी घालवली, पण पुढची सीट तिची होती आणि भाऊ तिचा होता. परवा दुपारी ती बाहेर आली, नवऱ्यासाठी एक कप आणि माझ्यासाठी एक कप पत्र्याच्या डब्यावर ठेवला, आणि सांगाड्याकडे बघत विचारलं, "ये कब होती?"

गाडीखालून मिस्त्री म्हणाला, "इनकू पूछो. खबरां इनोच बताते."

ती माझ्याकडे वळली. काही तरी चांगलं, गोड सांगावं असं तोंडापर्यंत आलं. दिवाळीपर्यंत, भाभी. पुढच्या महिन्यात, भाभी. चाळीस वर्षांची सवय आहे.

"भाभी," मी म्हणालो, "मला माहीत न्हाई. होईल का न्हाई, तेबी माहीत न्हाई."

ती माझा कप पुढं सरकवत म्हणाली, "चाय पी लेव. थंडी होरी."